जाड बुटांचा साहेब

साठ सालच्या सुमारास मी आखातात, कतारच्या दोहा शहरात सुतारकाम करायचो. एका ऑस्ट्रियन साहेबाच्या फ्लॅटची दुरुस्ती माझ्याकडे आली. भर उन्हाळ्यात तो डोंगरात वापरायचे जाड बूट घालून खोलीभर फिरायचा.

एकदा मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "गावी घराचं काम निघालं, तेव्हा आवाजाला कंटाळून बायको आणि मी रोज डोंगर चढायचो. हिवाळ्यात लोक तिथे बर्फावरून घसरत खेळतात. उन्हाळ्यात नुसतं गवत. तिचा पाय निसटला. मी एकटाच खाली आलो."

मी रंधा थांबवला.

"थांबू नकोस," तो म्हणाला. "आता मला आवाज लागतो."

उरलेल्या दोन दिवसांच्या कामाला मी आठवडा लावला. शेवटी मुकादमाने दुसरीकडे पाठवलं. हत्यारं आवरताना मला त्याच्याकडे बघवलं नाही.