यादवरावांनी छाटलेलं झाड

यादवरावांना एखादी गोष्ट माहीत नाही, असं बहरीनमधल्या आपल्या मंडळींत कुणी कधी ऐकलं नव्हतं. जयंतीच्या मंडपाची वायरिंग असो, व्हिसाचं त्रांगडं असो की कुणाच्या पोराचं दुखणं, यादवरावांचं उत्तर तयार. तिथल्याच सित्र्याच्या कारखान्यात ते इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. तिथं मीटर अडला की त्यांनाच बोलावतात, हे खरं. पण माणसाला एका ठिकाणी मान मिळाला की तो सगळीकडेच आपला मान धरून चालतो, तसं त्यांचं झालं होतं.

बुदैया गावात ते आणि त्यांची बायको कुसुमबाई एका जुन्या घराच्या मागच्या खोल्यांत राहत. पुढच्या घरात मालकीण खदिजा. हज करून आलेली म्हातारी, म्हणून सगळे तिला हज्जिया म्हणत. कुसुमबाईंचं ऑपरेशन झालं तेव्हा यादवरावांना लीव्ह मिळेना, आणि ही बाई रोज दवाखान्यात येऊन उशाशी बसली होती. त्या उपकाराची फेड कशी करायची, एवढं एकच कोडं यादवरावांना सुटलेलं नव्हतं.

मग हज्जियाच्या नातीचं लग्न ठरलं. खरेदीसाठी हज्जिया पूल ओलांडून सौदीत बहिणीकडे गेली, आणि यादवरावांची नजर अंगणातल्या एका झुडपावर पडली. पाण्याच्या टाकीशेजारी ते अस्ताव्यस्त वाढून डोक्याच्या वर गेलं होतं. बारीक पानं, कुठं कुठं काटे, शेंड्यांना पिवळट फुलांचे घोस फुटू लागलेले, आणि वास असा की येणारा-जाणारा थबकावा. नाव मात्र ठाऊक नव्हतं. यादवरावांनी फोटो काढून मंडळींच्या ग्रुपवर टाकला. कुणी मधुमालती म्हणालं, कुणी तर चक्क कढीपत्ता. शेवटी यादवरावांनी ओल्या हातावर चार पानं चुरगाळली आणि थोड्या वेळानं पाहतात तर तळवा नारिंगी.

"अवं, हे तं मेंदी व्हय!" ते ओरडले.

यात त्यांचं काही चुकलं नाही. झाड मेंदीचंच होतं. घोटाळा झाला तो पुढं. यादवरावांची मेंदी म्हणजे ते शिकले त्या अकोल्याच्या आयटीआयच्या आवारातलं कुंपण. पोरांच्या हाती कात्र्या देऊन मास्तर ते कमरेइतकं सरळ कापून घेत, आणि एखादी फांदी वर दिसली की त्यांची छडीही वर दिसे. त्या मेंदीला फूल येतं हे तिथं कुणी पाहिलंच नव्हतं, कारण कुणी येऊच दिलं नव्हतं. वाढलेली मेंदी म्हणजे आळशी माणसाचं घर, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"लग्नाचे पाव्हणे येतीन, काय म्हनतीन?"

"त्या बाईले इचारा ना पयले," कुसुमबाई म्हणाल्या.

"झाडाले काय इचाराचं? म्हातारी आल्यावर पाहून खूश होईन."

शुक्रवारच्या सुट्टीत यादवरावांनी घाम गाळून मेंदी कमरेइतकी केली. वरून थाळी ठेवली तर हलणार नाही, अशी सपाट. फांद्या, पानं, फुलं सगळं काळ्या पिशव्यांत भरून रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकलं. ग्रुपवर नवा फोटो गेला आणि वर केलेल्या अंगठ्यांचा पाऊस पडला.

हज्जिया परत आली ती सरळ झाडापाशी गेली. ओरडली नाही. कापलेल्या टोकांवरून तिनं बोटं फिरवली.

"यादव, इसका सब पत्ता किधर?"

"कचरे में, हज्जिया. गाडी ले गया."

"ये मेरा सास लगाया," ती म्हणाली. "इस घर का सब लडकी का हिन्ना इसी का पत्ता से."

दुसरा कुणी इथं हात जोडून मोकळा झाला असता. यादवराव बोलू लागले. छाटल्यानं झाड जोमानं येतं, फुटवा दुप्पट होतो, काही महिने थांबायचं. लग्न तर पुढच्या आठवड्यात होतं. बोलता बोलता ते त्यांच्याही ध्यानात आलं. हज्जिया "इंशाल्ला" म्हणाली आणि आत गेली.

त्यानंतर यादवरावांना स्वतःच्याच घरात चोरासारखं वाटू लागलं. ती उठायच्या आत ते कंपनीच्या बसला जात. माफी मागायला म्हणून तिच्या दारापर्यंत जात आणि अंगणातला नळ नीट बंद आहे का, ते बघून परत येत.

हिन्नाच्या, म्हणजे नवरीला मेंदी लावायच्या दिवशी दुपारी कुसुमबाईंना बोलावणं आलं. त्या लवकरच परतल्या. हातांवर बाजारच्या कोनाची मेंदी होती.

"सगळ्याजनी पुसत होत्या, झाड कोनं तोडलं म्हनून," त्या म्हणाल्या. "हज्जिया म्हने, म्याच यादवले सांगतलं, लग्नाचं ध्यानातच नाही राह्यलं. मंग तिची पोरगी, लीना, चारचौघींत तिले लय बोलली. डोकं चालत नाही म्हने तुहं आता. अन् म्हातारी नुसती हासत होती. मी बी चूप राह्यली."

यादवराव तसेच उठले आणि पुढच्या दाराशी गेले. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग, आत डफ वाजत होता. दारात लीनाच उभी होती, नवरीची आई.

"मैं काटा," यादवराव मोठ्यानं म्हणाले. "हज्जिया कुछ नहीं बोला. मैं अपने मन से काटा."

डफ थांबला. लीनानं मागं वळून आईकडे पाहिलं. सगळ्यांसमोर आपण आईला काय काय बोललो, ते तिला आठवलं असणार, कारण तिचा चेहरा पार उतरला आणि लेकीच्या हिन्नाच्या दिवशी ती बाई डोळे पुसत आत निघून गेली. हज्जियानं मायेनं घातलेलं पांघरूण यादवरावांनी पाहुण्यांदेखत ओढून काढलं होतं, आणि तेही आपलं मन हलकं व्हावं म्हणून.

हज्जिया दाराशी आली. रागावलेली नव्हती, दमलेली होती.

"सॉरी तो हमको बोलना था, यादव," ती हळू आवाजात म्हणाली. "उस दिन. तब हम अकेला था."

यादवरावांनी मान हलवली. आतून हाक आली, तशी ती लेकीची समजूत काढायला गेली. माफ करा हे दोन शब्द अजूनही त्यांच्या तोंडातच होते.