खाली ठेवलं ते नदीचं

माझ्या सासऱ्यांइतका जमिनीवर अविश्वास असलेला माणूस महाड आणि पोलादपूर या दोन्ही तालुक्यांत शोधून सापडणार नाही, आणि हे मी जावयाच्या आकसापोटी म्हणत नाही. माणसांवर त्यांचा पूर्ण विश्वास. उसनी नेलेली छत्री परत येईल असंसुद्धा ते मानतात. पण जमिनीवर ठेवलेली वस्तू उद्या तिथेच असेल, हे त्यांना कुणी पटवू शकलेलं नाही. जन्म गेला महाडच्या बाजारपेठेत, सावित्री नदीच्या पाठीला पाठ लावलेल्या दोन खोल्यांत. एका मोठ्या पुरात पहाटे खाटेवरून पाय खाली टाकले ते थेट पाण्यात. त्या दिवशी भांडी गेली, दाखले गेले आणि सासूबाईंचं शिलाई मशीन गेलं. तेव्हापासून त्यांचा एकच कायदा, "खाली ठेवलं ते नदीचं." पुढे त्या घरात चपलासुद्धा खिळ्याला टांगल्या जात.

तहसील कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. खाली पार्किंग, वर लिफ्ट, सगळं नवं कोरं. आम्ही हुश्श केलं. बिल्डर पूर्वेचा उजेड आणि मोठी बाल्कनी दाखवत होता, आणि हे विचारत होते, "मोठ्या पुराला या जागेवर पाणी कुठवर होतं?" त्याने गुडघ्याला हात लावला. त्यांनी तो हात धरून कमरेपर्यंत वर केला आणि मगच सही केली. पुढचं प्रकरण वायरमनचं. घरातला एकूण एक प्लग त्यांनी डोक्याच्या उंचीवर बसवून घेतला. वायरमन कळवळून म्हणाला, "काका, हा तिसरा मजला हाय." तर म्हणाले, "नदीला काय लिफ्ट लागत नाय." परिणामी, त्या घरात मोबाईल चार्जिंगला लावून बोलायचं तर राष्ट्रगीताला उभं राहिल्यासारखं ताठ उभं राहावं लागतं. फ्रिज कमरेइतक्या उंच लोखंडी स्टँडवर. तांदळाचे डबे फळीवर, फळी छताला लागून. गृहप्रवेशाला भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, पण बुद्धमूर्ती इतक्या उंच कोनाड्यात की वंदना संपेपर्यंत आम्हा सगळ्यांच्या माना अवघडल्या. भन्तेजी नुसते हसले.

आणि रोज सकाळी जाग आली की ते पाय खाली टाकत नसत. आधी खाटेवरून हात खाली सोडायचे, फरशी चाचपायची, मग पाय.

यात हाल कुणाचे, तर सासूबाईंचे. उंचीने बेताच्या, त्यात गुडघे दुखरे. दुधासाठी स्टूल, मिठासाठी स्टूल. त्यांची एकच इच्छा होती, खिडकीपाशी, उजेडात, नवं शिलाई मशीन. सासरे म्हणाले, "घेऊ की. भिंतीला ब्रॅकेट मारू." पायाने चालवायचं मशीन ब्रॅकेटवर! त्या दिवशी त्या शांतपणे बोलल्या, "अख्खा जन्म माळ्यावर चढले मी. आता जमिनीवर राहू द्या. नायतर मी चालले तुडीलला, भावाकडं."

"तुडीलपण नदीवरच हाय," सासरे म्हणाले. या माणसाला कधी काय बोलावं याचा पोच नाही.

सासूबाईंनी पिशवी भरली. श्रावण लागला की निघणार, असं त्यांनी माझ्या बायकोला फोनवर सांगितलं, आणि त्या सांगतात ते करतात. बायकोने मला पोलादपूरहून समेट करायला धाडलं. माझ्या शाळेला पावसाची सुट्टी होतीच.

मी पोचलो त्याच दुपारी पुराचा भोंगा वाजला. सावित्री चढत होती. शेजारच्या बैठ्या चाळीतली माणसं मिळेल ते उचलून आमच्या इमारतीत शिरली. पहिल्या दोन मजल्यांवर कपाटं, सोफे, पाय ठेवायला जागा नाही. तिसऱ्या मजल्यावर सासऱ्यांनी दार उघडलं आणि सगळे थक्क झाले. अख्ख्या घराची जमीन मोकळी! तांदळाची पोती आली, पापडवाल्या काकूंचे डबे आले, एक शेळी आली. शेवटी चाळीतला शिंपी आपलं मशीन डोक्यावर घेऊन दारात उभा राहिला. वर कुठे ठेवू म्हणून तो फळ्यांकडे बघत होता.

"वर कशाला? खाली ठेव. तिथं, खिडकीपाशी," सासरे खेकसले. "इथं पाणी येत नाय."

 सासूबाई चहाची किटली घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"काय बोललात? परत बोला."

"चहा दे गो आधी सगळ्यांना," सासरे म्हणाले, पण कानापर्यंत लाल झाले होते.

पाणी पार्किंगमध्ये आलं, मोटारसायकलींची चाकं भिजवली आणि पहिल्याच पायरीवरून मागे फिरलं. चाळीत गुडघाभर चिखल झाला, पण माणसं शाबूत, माल कोरडा. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की मी दोन पोत्यांच्या मध्ये, सासऱ्यांच्या खाटेशी, मेल्यासारखा झोपलो. उजाडताना कपाळावर कुणाचा तरी थंडगार हात पडला.

"कोण?" वरून आवाज आला.

"मी. जावई."

हाताने माझं कपाळ, नाक, हनुवटी नीट चाचपली. मग सासरे शेजारच्या खाटेकडे वळून समाधानाने म्हणाले, "जावईबापू कोरडे हायत गो."

सासूबाई तोंडात पदर कोंबून हसायला लागल्या. किती महिन्यांनी हसत होत्या कोण जाणे.

दोन दिवसांत ज्याचा त्याचा माल गेला, शिंप्याचं मशीनही गेलं. सासरे त्या खिडकीपाशी बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "जावईबापू, फ्रिजला जरा हात लावा." आम्ही दोघांनी तो खाली उतरवला. पंधरा दिवसांत सासूबाईंचं मशीन आलं, फरशीवर, उजेडात. तुडीलची पिशवी रिकामी झाली. प्लग मात्र तिथेच आहेत. भिंत कोण फोडणार?

आता सासरे थकलेत. सकाळी जाग आल्यावर हात अजून खाटेच्या कडेपर्यंत येतो. पण तो फरशीला लागायच्या आतच शेजारून सासूबाई म्हणतात, "कोरडं हाय, उठा." हात तिथेच थांबतो आणि ते सरळ पाय खाली टाकतात. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून त्या दोनदा सांगतात.