एकेक घास

आमच्या शेजारचे वसंतराव पूर्वी जेवता जेवता सगळं घर हसवायचे. गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि साधं गिळणंही अवघड होऊन बसलं. परवा दुपारी मी भेटायला गेलो, तेव्हा सुधावहिनी त्यांना मिक्सरमधून काढलेला वरणभात भरवत होत्या.

"हनुवटी खाली घ्या. हं, आता गिळा. अजून एकदा गिळा."

टीव्ही बंद, रस्त्याकडची खिडकीही लावलेली. घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून वसंतराव डोळे मिटून सगळा जीव गळ्याशी गोळा करत होते. जेवताना जेवणाकडेच लक्ष असावं, असं आपण एकमेकांना किती सहज सांगतो. इतकं लक्ष देऊन जेवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि मला ते बघवत नव्हतं.

वाटी संपल्यावर मी विचारलं, "चव लागते ना?"

ते अडखळत म्हणाले, "चवीकडे लक्ष गेलं... की ठसका लागतो."

त्यांचं तोंड पुसून वहिनी स्वयंपाकघरात स्वतः जेवायला बसल्या. एवढ्यात वसंतरावांनी नुसता घसा खाकरला. वहिनी हातातला घास तसाच धरून दारात आल्या, त्यांचा श्वास नीट चाललाय हे पाहिलं आणि परत वळल्या.

थोड्या वेळानं मी पाणी प्यायला आत गेलो. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "आमटीचा वास छान येतोय."

वहिनींनी ताटातल्या, नुकत्याच खाऊन रिकाम्या केलेल्या वाटीकडे पाहिलं.

"आमटी होती होय, भाऊजी?"