चाचणीतलं लग्न

आरमोरीच्या तळ्यावर मासे धरणाऱ्या सुकलूची पोरगी दिव्यानी चंद्रपुरात पूल बांधणाऱ्या एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघायची. प्रिंटर अडला, बोलवा दिव्यानीला. नेट गेलं, बोलवा दिव्यानीला. सगळ्या साइटची कामं एकाच जागी दिसतील असं मोठं सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवायचं ठरलं, तेव्हा तेही तिच्याच गळ्यात पडलं.

ती खूश होती. फक्त महिनाभरात आपलं लग्न आहे, हे तिने ऑफिसात कुणाला सांगितलं नव्हतं. कळलं तर ऑफिसचे मुख्य प्रफुलसाहेब हे काम दुसऱ्याला देतील, अशी तिला धास्ती.

सॉफ्टवेअर काही सरळ बसेना. डेटाबेस बसला, तर सर्व्हरला त्यात शिरायची परवानगी नाही. परवानगी दिली, तर पासवर्ड चुकलेला. दिव्यानी चहा पीत, स्वतःशी बडबडत एकेक गाठ सोडवत गेली आणि एका दुपारी पडद्यावर पान उघडलं. कुणी बघत नाही ना, हे पाहून तिने खुर्चीतच एक गिरकी घेतली.

मग कर्मचाऱ्यांची नावं भरली, कुणाला किती अधिकार तेही ठरलं. आता चाचणीपुरतं एखादं काम टाकायचं होतं आणि डोक्यात तर एकच काम घोळत होतं. तिने प्रकल्पाला नाव दिलं, 'दिव्यानीचं लग्न'. मांडवाला जांभळीच्या डहाळ्या आणायचं काम सिरोंच्याच्या साइटवरचे स्टोअरकीपर लहानूभाऊ यांच्याकडे, पंगतीत पाणी वाढायचं प्रफुलसाहेबांकडे, बाकीच्यांकडेही असंच एकेक. हसत हसत तिने बटण दाबलं.

ज्याच्या त्याच्या कामाचा मेल त्याला आपोआप जाईल, ही सोय तिनेच सकाळी सुरू केली होती. ते साफ विसरली होती.

पहिला फोन सिरोंच्याहून.

"बाई, मले मेल आला. डहाळ्या किती लागतीन?"

"लहानूभाऊ, ते... चाचणी होती."

"म्हंजे लगन नाई?"

"लगन हाये."

"मंग डहाळ्या लागतीनच ना! काऊन लपवून राह्यली?"

फोन ठेवते तोच दारात प्रफुलसाहेब. "मले पंगतीत पाणी वाढाचं हाये म्हणते?"

दिव्यानीच्या डोळ्यांत पाणीच आलं. "चुकलं साहेब. तुम्ही काम दुसऱ्याले द्यान म्हणून सांगतलं नाई."

"तुह्याशिवाय तो सर्व्हर इथी कोणाचं आयकते? लगन करून ये. तोवर त्याले कोणी हात नाई लावत."

तिने आधी मेल बंद केले. मग लग्नाचा प्रकल्प काढून टाकायला गेली, तर एकेकाने आपापलं काम स्वीकारून ठेवलेलं! नावं भरल्यापासून शिकायला या म्हणून विनवूनही ज्यांनी हे पान उघडलं नव्हतं, त्यांनीसुद्धा. तिचा हात काही पुढे जाईना.

लग्नाच्या आदल्या दिवशी लहानूभाऊ पिकअपभर डहाळ्या घेऊन आरमोरीला हजर झाले. साहेबांनी शर्ट भिजेपर्यंत पाणी वाढलं. सुकलू त्यांच्या हातातला जग घ्यायला धावला, पण साहेब देतील तर ना.

रजा संपवून दिव्यानी परतली. सर्व्हर उघडला, तर सिरोंच्याच्या पुलाची पहिली खरी नोंद आली होती. लहानूभाऊंनी सिमेंट पोचल्याची खूण केली होती आणि शेऱ्याच्या जागी लिहिलं होतं, 'जावई काय म्हणते?'

दिव्यानीने आधी सिमेंटची नोंद मंजूर केली. मग इकडेतिकडे बघून हळूच उत्तर लिहायला घेतलं.