लोखंडाशी थांबणारा तारा

पडदा वर जातो तेव्हा संध्याकाळ झाली आहे. कोल्हापुरातल्या एका लहान खोलीत लालासाब खाटेवर बसून आहेत, कारण आडवं झालं की त्यांचा श्वास कोंडतो. उभा जन्म लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीच्या भट्टीवर गेला. तिथल्या धुळीनं छाती खाल्ली आणि आता डॉक्टरांनीही हात टेकले आहेत.

नात शबनूर उशाशी बसून कॉलेजचं पुस्तक मोठ्यानं वाचत होती. ती थांबली की त्यांची घरघर तेवढी ऐकू यायची. पुस्तकात होतं, प्रचंड ताऱ्याच्या पोटात अणूंची केंद्रकं एकमेकांत मिसळतात. त्यातून निघणारी अणुऊर्जाच ताऱ्याला तोलून धरते. पोटात लोखंड तयार झालं, की ती मिळेनाशी होते आणि तारा स्वतःच्याच भारानं कोसळतो.

"लोखंडाला काय भ्यायचं?" लालासाब म्हणाले. "भट्टी मंदावली की वरनं कोळसा टाकायचा. आमी जन्मभर त्येच केलं की."

"तितं टाकणारं कोण न्हाय, नाना."

शबनूरला पुढं वाचवेना. तिनं पुस्तक हळूच मिटलं.

त्यानंतर ते एकदाच बोलले.

"मिटू नको. कोसळायच्या आदीचं परत वाच."