भाऊ, भावी आणि भावपूर्ण

जुन्या फ्लेक्सचा धंदा केला की दोन गोष्टी साठतात, धूळ आणि किस्से. धूळ साबणाच्या पाण्याने निघते. किस्से मात्र अंगाला चिकटतात ते चिकटतातच.

बिबवेवाडीत आमचा पत्र्याचा गाळा आहे. रस्त्यावरून उतरवलेले जाहिरातींचे फ्लेक्स आम्ही आणतो, धुतो, कापतो आणि त्यांच्या पिशव्या, स्कूटरच्या सीटची कव्हरं, भाजीवाल्यांची छपरं शिवतो. शिवायचं काम शकीलभाईंचं, त्यांचे वडीलही पुण्यातच टेलर होते. धुणं आणि कापणं सुनंदाताईंकडे, त्या यवतमाळकडच्या. बोलणं तेवढं माझ्याकडे, असं दोघांचं म्हणणं.

*

धुतलेले फ्लेक्स मागच्या तारेवर वाळत असतात. तारेपलीकडच्या सोसायटीतले एक आजोबा एकदा तरातरा आले.

"अहो, तुमचे उमेदवार आमच्या स्वयंपाकघरात बघतात."

"पडदा लावा," मी म्हटलं.

"लावलाय. आता पडद्यावर दिसतात."

ऊन फ्लेक्समधून आरपार जात असेल, असं मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, "बाई, आमची खिडकी उत्तरेला आहे. तिथे ऊन येत नाही."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे चेहरे गाळ्याच्या बाजूला वळवून वाळत घालतो. आजोबा परत आले नाहीत. आम्ही तिघं मात्र तेव्हापासून तारेकडे पाठ करून डबा खातो!

*

सदाशिव पेठेतल्या एका काकूंनी आमच्याकडून पिशवी नेली. डोळ्यांच्या दवाखान्याची जाहिरात होती, पिशवीभर एकच डोळा. आठवड्याने परत घेऊन आल्या.

"शिवण उत्तम आहे. पण हा मिटतो."

शकीलभाई म्हणाले, "घडी पडली असेल काकू."

"घडी मलाही कळते. घडी आपणहून उघडत नाही."

पिशवी बदलून दिली, काय करणार? जुनी आमच्याकडे खुंटीला आहे, डोळा भिंतीकडे. सकाळी आल्या आल्या शकीलभाई आधी ती परत भिंतीकडे वळवतात आणि मग मशीनला तेल घालतात.

*

क्लास, दवाखाने, फ्लॅट यांच्या जाहिराती सरळ कापायला जातात. माणसांचे फ्लेक्स वेगळे ठेवतो. त्यांचे तीन ढीग. वाढदिवसाचे ते 'भाऊ', भावी नगरसेवक आणि भावी आमदार ते 'भावी' आणि श्रद्धांजलीचे 'भावपूर्ण'. "आज भावपूर्ण जास्त आलेत," असं आम्ही चहा पिता पिता बोलतो. पाहुणे दचकतात.

भावपूर्णला शकीलभाईंचा नियम आहे. चेहऱ्यावरून कात्री चालवायची नाही आणि छपाई पिशवीच्या आतल्या बाजूला. "गेलेल्या माणसाला मंडईत कशाला फिरवायचं?"

एकदा एक फ्लेक्स वरून-खालून फाटलेला आला. मधला माणूस तेवढा शिल्लक, हात जोडलेला. वाढदिवस की श्रद्धांजली, कळायला मार्ग नाही. शकीलभाईंनी तो भावपूर्णमध्ये टाकला. त्याच दुपारी तोच माणूस सीट कव्हर घ्यायला गाळ्यात हजर!

त्याने स्वतःला ढिगात पाहिलं. "हा ढीग कसला?"

"जुन्या मालाचा," मी म्हटलं.

"मग बरोबर आहे," असं म्हणून तो कव्हर न घेताच गेला.

पुढच्याच खेपेला त्याचा अख्खा फ्लेक्स आला. फोटो तोच. खाली 'शोकाकुल' आणि मित्रमंडळाची नावं. शकीलभाई त्या दिवसापासून ढिगांना हात लावत नाहीत. ते काम सुनंदाताईंकडे गेलं.

*

खरं तर सुनंदाताईंना ते हवंच होतं. त्यांचा धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत येऊन राहिला होता. आधी फोन कमी झाले, मग बंद झाले, मग रूमही सोडल्याचं कळलं. सुनंदाताई त्याला शोधायला पुण्यात आल्या आणि इथेच राहिल्या. फ्लेक्सवर सगळेच भाऊ. त्या त्यांच्यात आपला शोधतात. शुभेच्छुकांच्या रांगेतले नखाएवढे चेहरेसुद्धा ओल्या फडक्याने पुसून बघतात.

"कोनाच्या तरी मांगं उभा असनच तो," म्हणतात.

आणि एक दिवस तो सापडला. वारज्याकडून आलेल्या मालात.

"माहा भाऊ आहे हा," त्या इतक्या हळू म्हणाल्या की शकीलभाईंनी मशीन थांबवलं.

पांढरा शर्ट, जोडलेले हात. फ्लेक्सची खालची बाजू गेलेली. वर एकच अक्षर उरलेलं, 'भा'.

मी घाईघाईने म्हटलं, "भाऊ असणार. वाढदिवस."

"भावी पण असेल," शकीलभाई म्हणाले. "हुशार होता ना पोरगा."

तिसरा शब्द कोणी काढला नाही. फ्लेक्स उतरवणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "आम्ही काढतो ताई, वाचत नाही."

सुनंदाताईंनी तो कुठल्याच ढिगात ठेवला नाही. स्वतः मशीनवर बसल्या आणि त्याची पिशवी शिवली, चेहरा बाहेर.

"दिसू द्या लोकाइले. कोनी तं ओयखन."

*

आता सुट्टीच्या दिवशी त्या ती पिशवी मांडीवर उभी धरून वारज्याच्या बसने फिरतात. लोक बघतात आणि मोबाईलमध्ये मान घालतात.

परवा समोरच्या सीटवर एक वयस्कर गृहस्थ होते, धोतर-टोपीतले. ते बराच वेळ पिशवीकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय चपलांतून बाहेर काढले, डोळे मिटले आणि पिशवीला हात जोडले.

देवाला आणि गेलेल्यालाच माणूस असा चपला काढून हात जोडतो. तरी सुनंदाताईंनी विचारलंच, "ओयखता का जी याले?"

गृहस्थांनी चपला पायात सरकवल्या.

"न ओळखायला काय झालं? मागच्या स्टॉपला उतरला की. तुमच्याच शेजारी तर बसला होता."