दारातले चेकर

अख्खी गल्ली त्यांना चेकर म्हणायची. बसमध्ये तीस वर्षं तिकिटं तपासून निवृत्त झाले, पण माणसाकडे बघायची नजर काही निवृत्त झाली नाही. समोरचा कितीही साळसूद दिसो, खिशात तिकीट नाहीच, हे ते आधी धरून चालायचे.

घरात नात आली, आणि चेकर दारातच खुर्ची टाकून बसले. येणाऱ्याचं आधी नाक बघायचं, मग तोंड. शिंकला की बाहेर. शेजारणीला त्यांनी उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. ती आठवडाभर फुरंगटून होती. सुनेचा सख्खा भाऊ आला, तर त्यालाही खोकून दाखवायला लावलं! असा सगळा बंदोबस्त करून झाला की स्वतः निवांत पेपर उघडायचे. कंडक्टरच्या तिकिटांची गड्डी चाळून चाळून लागलेली सवय, पान उलटताना बोट जिभेला लागणारच. त्याच बोटाने मग नातीच्या ओठावरचं दूध टिपायचे.

पोर दोन महिन्यांची झाली आणि एका सकाळी दूधच घेईना. श्वास भराभर चाललेला, बरगड्यांखाली खळगा पडत होता. सुनेने तिला उचललं आणि तडक इस्पितळ गाठलं.

नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी लावलेलं ते इवलंसं तोंड बघून चेकर घाबरले. घाबरले की ते चोर शोधायला लागत. शेजारीणच असणार. छे, तो भाऊ. खोकला दाबून धरला असणार लबाडाने.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, हा आरएसव्ही नावाचा विषाणू. मोठ्यांना बहुतेक वेळा साधी सर्दी होते, एवढ्या बाळाच्या मात्र छातीत उतरतो. त्यावर खास औषध नाही, श्वासाला आधार देत राहायचं, आणि पुढचे दोन दिवस जपायचं. मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला सर्दी होती का?

शेजारणीचं नाव चेकरांच्या ओठावर आलंच होतं, तेवढ्यात त्यांना खोकला आला. गेले आठ दिवस येत होता तसाच. वयाचा खोकला म्हणून त्यांनी त्याच्याकडे एकदाही वळून पाहिलं नव्हतं. नाक पुसायला बोट वर गेलं आणि मध्येच थांबलं. लाजेने त्यांचे कान तापले.

"मला होती," ते म्हणाले. "आठ दिवस झाले."

सून बाळाच्या कपाळावर हात ठेवून उभी होती. तिने मान वर केली नाही.

"मला माहीत होतं, बाबा," ती म्हणाली. "तुम्हाला सांगायचा मलाच धीर झाला नाही."